हेलीचा राजीनामा

‘सेव्हरन्स’ या मालिकेचा दुसरा हंगाम मार्च २०२५ मध्ये संपला; तिच्या चाहत्यांमधला वाद मात्र संपायला तयार नाही. पनवेलहून ठाण्याकडे सुटणाऱ्या लोकलमध्ये ऐरोली-महापेच्या आयटी कचेऱ्यांकडे निघालेली मंडळी असतात (गाडी इथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते, पनवेलकरांचे तेवढे एक सुख). त्यांच्यातही तो रंगतो. वादाचा विषय असा की आतला मार्क आणि बाहेरचा मार्क हा माणूस एक की दोन?

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. लुमन नावाच्या कंपनीत काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चिप बसवलेली असते. लिफ्टने कामाच्या मजल्यावर उतरले की घरचे काही आठवत नाही. संध्याकाळी बाहेर पडले की कामाचे काही आठवत नाही. मार्क हा एके काळचा इतिहासाचा प्राध्यापक. बायको अपघातात गेली, ते दुःख दिवसाचे आठ तास तरी विसरता यावे म्हणून त्याने चिप बसवून घेतली. बाहेरच्या मार्कला सुटका मिळाली. आतल्या मार्कला घर नाही, झोप नाही, रविवार नाही. लिफ्टचे दार मिटते आणि त्याच्या लेखी त्याच क्षणी पुन्हा उघडते, की दुसरा दिवस सुरू. पगार बाहेरच्याच्या खात्यात. आतल्याला काम चोख केल्याबद्दल वॉफल पार्टी. दिवाळीला बोनसऐवजी सोनपापडीचा डबा घेऊन घरी आलेल्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

चाहत्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, माणूस एकच. त्यानेच कागदावर सही केली, मग शोषण कसले? आपण आपल्यालाच कामाला जुंपले तर तक्रार कुणाविरुद्ध करायची? दुसरा म्हणतो, आठवणी वेगळ्या, प्रेम वेगळे, म्हणजे माणसे दोन. तेव्हा ही उघड गुलामगिरी. दोन्ही बाजू हिरिरीने मांडल्या जातात, तत्त्वज्ञानाचे दाखले दिले जातात, आणि एक गोष्ट दोघेही गृहीत धरतात. आधी ओळख ठरवा, शोषणाचे नंतर बघू. आमचा आक्षेप या क्रमाला आहे.

मालिकेतच या वादाचे उत्तर आहे आणि ते मार्ककडे नाही, त्याची सहकारी हेली हिच्याकडे आहे. (इथून पुढे रहस्यभंग होईल, ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी मालिका पाहून यावे.) हेली पहिल्याच दिवसापासून नोकरी सोडू पाहते. ती राजीनामा देते. तो जातो बाहेरच्या हेलीकडे आणि तिथून नामंजूर होऊन परत येतो. नंतर कळते, की ही बाहेरची हेली कंपनीच्या मालकाचीच मुलगी. हेली एक की दोन, हे ठरवायची इथे गरजच काय? काम करणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ज्याच्या ‘हो’वर सगळे चालते त्याला कामाची झळ लागत नाही, एवढे पुरेसे आहे.

हा प्रश्न दूरचित्रवाणीवर याहून जुना आहे. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या हंगामात, १९८९ साली, ‘द मेझर ऑफ अ मॅन’ नावाचा भाग दाखवला गेला. तो लिहिणाऱ्या मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करत होत्या, हे भाग पाहताना जाणवते. यंत्रमानव असलेला अधिकारी डेटा याला उघडून त्याचा अभ्यास करायचे एक शास्त्रज्ञ ठरवतो. डेटा राजीनामा देतो. तोही नामंजूर होतो, कारण जहाजाच्या संगणकासारखाच तो सरकारी माल, आणि मालाला राजीनामा कसला? खटला उभा राहतो. डेटा यंत्र आहे हे दाखवायला सरकारी बाजू त्याचा हात काढून दाखवते, शेवटी त्याला चक्क बंद करते. ओळखीच्या मुद्द्यावर कॅप्टन पिकार्ड जवळजवळ हरलेला असतो. खटला फिरतो तो गायनन या पात्राशी त्याचे बोलणे झाल्यावर. ती भूमिका व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची आहे, हा योगायोग नव्हे. असे हजारो डेटा बनवले, त्यांना कसेही वापरले, तर त्या व्यवस्थेला काय म्हणाल, असा प्रश्न मग पिकार्ड कोर्टात विचारतो. डेटाला आत्मा आहे की नाही हे आपल्याला सांगता येणार नाही, असे न्यायाधीश बाई सरळ कबूल करतात. पण तो कुणाचा माल नाही, हा निकाल त्या देतात. ओळखीचे कोडे न सोडवता न्याय देता येतो, हे त्या पाऊण तासात दिसते.

आमच्याकडे हे कळलेले नाही असे नाही. रायगडच्या कातकरी वाड्यांतून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात हाताला काम नसताना घेतलेली उचल फेडायला जायचे आणि मोसम संपला तरी हिशेब फिटत नाही, ही जुनी रडकथा आहे. उचल अंगावर असताना भट्टी सोडता येत नाही; म्हणजे राजीनामा नामंजूर. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. पण हा मजूर वेठबिगारच आहे कशावरून, कर्जाचा कागद कुठे आहे, असा सवाल प्रत्येक वेळी उभा केला जाई. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात, डिसेंबर १९८३ मध्ये, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने तो सवाल उलटा फिरवला. सक्तीने काम करून घेतले जाते हे दिसले, की ते उचलीपोटीच असे न्यायालय गृहीत धरेल. तसे नसेल तर मालकाने सिद्ध करावे. आधी शोषण पाहा, मग मजूर कोणत्या व्याख्येत बसतो ते पाहा. क्रम सरळ झाला. अंमलबजावणी किती झाली, ते पनवेल-कर्जतच्या भट्ट्यांवर जाऊन पाहावे.

नंतरच्या काळात मात्र कायदा पुन्हा चाहत्यांच्या वाटेला लागला. तळोजा औद्योगिक वसाहतीतला कंत्राटी कामगार कंपनीच्या दारातून आत जातो, कंपनीच्या यंत्रावर काम करतो. गळ्यातले ओळखपत्र ठेकेदाराचे असते. ठेकेदार बदलतो, कामगार तोच, यंत्र तेच. तो नेमका कुणाचा? ऑगस्ट २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही. कंत्राट खरे की नुसता देखावा, हे औद्योगिक न्यायाधिकरणाने पुरावा घेऊन ठरवायचे. आता पुरावा गोळा करायचा कुणी? ज्याच्याकडे हजेरीपटाची प्रतसुद्धा नसते त्याने. ‘तू कोण?’ या प्रश्नावर वर्षे जातात आणि तेवढी वर्षे काम चालूच राहते.

खारघर-कामोठ्याच्या रस्त्यांवर पाठीला चौकोनी पिशवी लावून धावणाऱ्या मुलांचे त्याहून अवघड. त्यांच्यासाठी सामाजिक सुरक्षा संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागूही झाली. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी, ही तरतूद तिच्यात आहे, चांगली आहे. पण या मुलांची व्याख्याच मालक-कामगार या पारंपरिक नात्याच्या बाहेरची अशी केलेली आहे. त्यांच्या खात्याला कुलूप लागते तेव्हा लावणारा माणूस त्यांना दिसत नाही, आणि दाद मागायची तर आधी आपण कंपनीचे कोण हे सांगावे लागते. इथे चिपची गरजच पडली नाही, व्याख्येने काम भागवले.

आणि हे कल्पनारंजन विकणाऱ्या धंद्यात तरी काय वेगळे होते? २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेतले पटकथालेखक संपावर गेले आणि ‘सेव्हरन्स’चेही चित्रीकरण थांबले. जुलैत नटमंडळी संपावर गेली. गर्दीत उभे राहणाऱ्या कलाकाराचा चेहरा-देह एका दिवसाच्या मजुरीत संगणकावर उतरवून घ्यायचा आणि पुढे कायम वापरायचा, असा स्टुडिओंचा प्रस्ताव असल्याचे नटांच्या संघटनेने सांगितले. स्टुडिओंनी ते नाकारले. संगणकातली ती आकृती म्हणजे तोच कलाकार की दुसरा कुणी, यावर संघटना चर्चा करत बसली नाही. संमती आणि मोबदला या दोन गोष्टी तिने ११८ दिवसांच्या संपानंतर करारात लिहून घेतल्या. मुंबईतल्या मालिकांच्या सेटवर झालेल्या कामाचे पैसे ९० दिवसांनी मिळण्याची रीत अजून मोडता आलेली नाही, हे लक्षात घेतले तर त्या ११८ दिवसांचे मोल कळेल.

‘सेव्हरन्स’च्या दुसऱ्या हंगामाच्या शेवटी आतला मार्क बाहेरच्या मार्कच्या, मेली असे समजल्या गेलेल्या बायकोला दाराबाहेर सोडतो आणि स्वतः हेलीकडे परत फिरतो. सारा वाद या प्रसंगावर चालतो, मार्क स्वार्थी की नाही यावर तर भांडणे होतात. आमच्या मते त्या भागातला महत्त्वाचा प्रसंग दुसराच आहे. मार्कच्या कामाच्या कौतुकासाठी वाजवायला आणलेले बँडवाले, तेही चिप बसवलेले, खोलीत उभे असतात. हेली टेबलावर चढून त्यांना हाक घालते. बाहेर आपण कोण आहोत हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नसते आणि एकही जण ते विचारत नाही. ते तिच्या बाजूने उभे राहतात. तिसऱ्या हंगामाची घोषणा झालेली आहे. मार्कने कुणाला निवडले हे चाहत्यांनी जरूर पाहावे; त्या बँडवाल्यांचे पुढे काय होते, तेही सोडू नये.