खासदारसाहेब, आज कुठला रोल?

डॉक्टर, अ‍ॅक्टर, खासदार. एकाच सीव्हीवर हे तीन जॉब दिसले, तर कुठलीही एचआरवाली आधी चष्मा पुसेल! डॉ. अमोल कोल्हेंचा सीव्ही मात्र खरंच असा आहे. नारायणगावचा हा मुलगा मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून एमबीबीएस झाला. २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’ आली आणि घरोघरी महाराज म्हणजे हाच चेहरा असं समीकरण होऊन बसलं. नंतर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. ही मालिका सुरू असतानाच, मार्च २०१९ मध्ये, ते शिवसेना सोडून राष्ट्रवादीत आले आणि दोनेक महिन्यांत शिरूरमधून निवडून आले. तेही शिवाजीराव आढळराव पाटलांना, म्हणजे सलग तीनदा निवडून आलेल्या माणसाला, जवळपास ५८ हजार मतांनी हरवून. करिअर स्विच म्हणतात तो हाच!

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? खरंय. बंगालमध्ये तर आता टॉलीगंजचे स्टार लोकसभेत दिसले नाहीत तर चुकल्यासारखं वाटेल. तिथला देव घाटालमधून २०१४, २०१९ आणि २०२४ असा तीनदा जिंकला. मिमी चक्रवर्ती २०१९ मध्ये जादवपूरमधून थाटात गेली आणि २०२४ ला उभीच राहिली नाही. आपल्याकडे गोविंदाने २००४ मध्ये राम नाईकांसारख्या दिग्गजाला पाडलं, पण पुढची निवडणूक लढवलीच नाही. सुनील दत्तसाहेबांसारखे वर्षानुवर्षं टिकणारे थोडेच.

आमच्या वर्ध्याला फिल्मस्टार खासदार काही मिळाला नाही. आम्हाला मिळाले पैलवान! देवळीचे रामदास तडस २०१४ ते २०२४ अशी दहा वर्षं खासदार होते. पण आखाड्यातला माणूस कुस्ती खेळतो ती स्वतःच्या नावावर. नटाचं तसं नसतं. तो दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचे कपडे आणि दुसऱ्याचा राग घेऊन लोकांसमोर येतो. गंमत इथेच सुरू होते.

आणि ही गंमत जानेवारी २०२२ मध्ये थेट आमच्या दारात आली. ‘व्हाय आय किल्ड गांधी’ नावाचा चित्रपट ३० जानेवारीला ओटीटीवर येणार, अशी बातमी फुटली. नथुरामच्या भूमिकेत कोण? खासदार कोल्हे! चित्रीकरण २०१७ चं, म्हणजे लोकसभेच्या आधीचं. पण सेवाग्रामपासून आठ-दहा किलोमीटरवर राहणाऱ्यांसाठी ३० जानेवारी ही नुसती कॅलेंडरवरची तारीख नाही. बापू ऑगस्ट १९४६ मध्ये इथून गेले. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांचं परत येणं ठरत होतं. ते आलेच नाहीत. बापू कुटी मात्र तशीच आहे.

आमच्या ग्रुपवर धुमशान माजलं. पुण्यात आयटीत असलेला एक मित्र म्हणाला, अरे यार, व्हिलनचा रोल केला म्हणून माणूस व्हिलन होतो का? अ‍ॅटनबरोंच्या ‘गांधी’मध्येही कोणीतरी नथुराम केलाच होता ना? शरद पवारांनीही साधारण हीच बाजू घेतली, की कलावंताने भूमिका केली म्हणजे तो विचार त्याचा होत नाही. त्यांच्याच पक्षाचे जितेंद्र आव्हाड मात्र उघडपणे विरोधात गेले.

मला मित्राचं अर्धंच पटलं. नट म्हणून कोल्हेंना नथुराम करायचा पूर्ण हक्क होता, त्यात वादच नाही. पण २०१९ मध्ये लोकांनी मत दिलं, त्यात संभाजीराजांच्या त्या चेहऱ्याचा वाटा किती होता, हे शिरूरमध्ये कुणालाही विचारा. एका रोलचं क्रेडिट मतपेटीत जमा करायचं आणि दुसऱ्या रोलच्या वेळी म्हणायचं, ‘तो तर फक्त अभिनय’? हे अकाउंटिंग जरा सोयीचं होतं. कोल्हेंना ते कुठेतरी कळलं असावं. कारण त्यांनी आळंदीला, गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या तिथे इंद्रायणीकाठी, आत्मक्लेश केला. कुणी त्याला स्टंट म्हटलं. मला तो बऱ्यापैकी प्रामाणिक वाटला. निदान त्यांनी वकिली नोटिशीने उत्तर दिलं नाही.

बरं, नुसत्या ग्लॅमरवर गडी तरला असंही नाही. बैलगाडा शर्यतीचा विषय त्यांनी लावून धरला. (आमच्याकडे तोच शंकरपट, त्यामुळे यात आम्हालाही इंटरेस्ट!) डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींना परवानगी दिली, तेव्हा या खासदारांनी घाटात घोडी पळवून दाखवली. इथे पुन्हा नट जागा झाला, पण लोकांना आवडलं.

राष्ट्रवादी फुटली तेव्हा २ जुलै २०२३ ला ते अजित पवारांच्या शपथविधीला हजर, आणि दुसऱ्या दिवशी शरद पवारांसोबत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अजितदादांनी जाहीरच केलं की शिरूरमध्ये यांना पाडणार. २०२४ मध्ये समोर पुन्हा आढळरावच होते, आता अजितदादांच्या पक्षातून. या वेळी टीव्हीवर मालिका सुरू नव्हती, कोल्हेंचं चिन्हसुद्धा नवीन होतं. फरक आधीच्या दुपटीहून जास्त, सुमारे १ लाख ४० हजारांचा.

आयटीवाल्या मित्राने निकालाच्या दिवशी मला स्क्रीनशॉट पाठवला, खाली एकच ओळ : ‘आता हा कुठल्या रोलचा टीआरपी?’ मी अजून रिप्लाय दिलेला नाही.