पुष्पचक्रे आणि प्राणवायू

१९४४ च्या गोदीतील स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. दर १४ एप्रिलला त्यांच्या स्मृतीस पुष्पचक्रे वाहिली जातात. वाहावीतच. परंतु आगीत सापडलेला माणूस पुष्कळदा जळण्याआधी धुराने गुदमरतो. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आगीत हेच घडले, १४ जीव गेले. श्वसनयंत्रे, प्राणवायूची नळकांडी, हृदयाला विद्युतधक्का देणारी यंत्रे ही म्हणूनच दलाची चैन नव्हे. आणि ती झिजतात, कालबाह्य होतात.

केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना जाहीर केली. अनुदानातून यंत्र एकदा येते. ते बाद झाल्यावर दुसरे कोणाच्या पैशाने आणायचे? २०१७ मध्ये जकात गेली आणि महापालिकेचे हक्काचे उत्पन्न राज्याच्या भरपाईवर विसंबले.

अंदाजपत्रकात या सामग्रीसाठी स्वतंत्र घसारा निधी हवा. २००६ च्या राज्य कायद्यातील अग्निसेवा शुल्क मनोरे उभारणाऱ्या बिल्डरांकडून पुरते वसूल करावे. त्याचा बोजा चाळकऱ्यांच्या माथी मारू नये. साथींनी अंदाजपत्रकापूर्वीच आपल्या भागातील अग्निशमन केंद्राकडे बाद सामग्रीची यादी मागावी.