शोरूममधली ‘सेल्स’ची नोकरी: परळीच्या तरुणांना ती का परवडत नाही?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. गाड्या स्वस्त झाल्या की शोरूममध्ये चौकशी वाढते आणि डीलरला विक्रीसाठी तरुण मुलं-मुली हवी असतात. परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावात मात्र या नोकरीचं गणित वेगळं आहे.

अडचण नेमकी कुठे आहे?

सेल्समधल्या कमाईचे सहसा दोन भाग असतात: ठरलेला पगार आणि विकलेल्या गाडीमागे मिळणारा इन्सेन्टिव्ह. ठरलेला पगार कमी असला तर सगळी भिस्त इन्सेन्टिव्हवर येते.

दसरा, दिवाळी, पाडव्याला गाड्या खपतात. पितृपक्षात बाजार थंड असतो. त्यात बीड हा दुष्काळी आणि ऊसतोड कामगारांचा जिल्हा. २०१३ साली तर पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पाऊस हुकला, सोयाबीन-कापसाचा पैसा आला नाही, की शेतकरी ट्रॅक्टरची खरेदी पुढे ढकलतो. टार्गेट तेवढंच राहिलं तर दुष्काळाचा फटका थेट सेल्समनच्या खिशाला बसतो.

सरकारी योजनांचा उपयोग होतो का?

काही प्रमाणात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं. पण सेवा क्षेत्रातल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २० टक्केच प्रशिक्षणार्थी घेता येतात. म्हणजे दहा जणांच्या शोरूमला फक्त दोन. शिवाय हे प्रशिक्षण आहे, कायमची नोकरी नाही.

नोकरी घेण्याआधी काय विचारावं?

- इन्सेन्टिव्ह सोडून हातात किती पडणार?
- टार्गेट चुकलं तर ठरलेला पगार कापणार का?
- गावोगाव फिरायचं पेट्रोल कोणाचं?
- पीएफ, ईएसआय आहे का?
- नियुक्तीपत्र लेखी मिळणार का?

डीलरसाठी याचा अर्थ काय?

नवा मुलगा गाडीची माहिती, कर्जाची कागदपत्रं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं शिकतो आणि मंदीच्या महिन्यात सोडून जातो. मग पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. घरखर्च भागेल इतका ठरलेला पगार आणि हंगामानुसार बदलणारं टार्गेट दिलं, तर पाटी वारंवार लावायची वेळ येणार नाही.