फोनची स्क्रीन आधी म्हातारी का होते? गोष्ट निळ्या रंगाची

माझा फोन तीन वर्षांचा आहे. बॅटरी ठीक, प्रोसेसर ठीक. पण पांढरं पान उघडलं की वरच्या बाजूला मॅपच्या पट्टीचा पुसट ठसा दिसतो. रोज बाईकवर, उन्हात, ब्राइटनेस फुल ठेवून मॅप लावायचो, त्याची ही शिक्षा. याला म्हणतात बर्न-इन. सर्व्हिस सेंटरने नव्या डिस्प्लेचा जो आकडा सांगितला, त्यात बऱ्यापैकी सेकंडहँड फोन आला असता!

नेमकं होतं काय?

जुन्या एलसीडीमध्ये मागे एकच दिवा असतो, त्यामुळे अख्खी स्क्रीन साधारण सारखीच मंदावते. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजेड देतो. तो उजेड कार्बनच्या रेणूंच्या अतिशय पातळ थरातून येतो. जो पिक्सेल जास्त जळला, तो आधी थकला. ऊन आणि उष्णता त्यात भर घालतात.

त्यातही खरा कच्चा गडी निळा. निळ्या प्रकाशाची ऊर्जा लाल-हिरव्यापेक्षा जास्त, म्हणून तो देणारे रेणू लवकर तुटतात. शिवाय लाल आणि हिरव्यासाठी फॉस्फरेसंट पदार्थ वापरतात, जे जवळपास सगळी वीज-ऊर्जा प्रकाशात बदलू शकतात. निळ्यासाठी मात्र अजून जुना फ्लुरोसंट पदार्थच चालतो. त्यात मूळ मर्यादा साधारण २५ टक्क्यांची. थोडक्यात, सगळ्यात नाजूक गड्यालाच सगळ्यात जास्त पळवायचं!

मग नवीन काय?

मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने जाहीर केलं की निळा फॉस्फरेसंट पॅनेल उत्पादनाच्या पातळीवर तपासून झाला आहे. विजेची बचत सुमारे १५ टक्के. बातम्यांचे मथळे वाचून वाटलं, सुटला प्रश्न. पण नीट बघा: या पॅनेलमध्ये निळ्याचे दोन थर आहेत, एक नवा फॉस्फरेसंट आणि एक जुना फ्लुरोसंट. जुना का ठेवला? कारण टिकाऊपणाची खात्री अजून त्याच्याकडेच आहे.

म्हणून माझं मत: या शोधाचा पहिला फायदा बॅटरीला होईल, बर्न-इन लगेच संपणार नाही. दोन थरांत काम वाटून घेण्याची युक्ती जास्त भरवशाची वाटते. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये ती आली आहे. प्रत्येक थरावर ताण कमी, म्हणून आयुष्य जास्त. पण ती महाग आहे, पंधरा-वीस हजारांच्या फोनमध्ये यायला वेळ लागेल.

तोपर्यंत आपण काय करायचं?

ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा, स्क्रीन टाइमआउट कमी करा, डार्क मोड वापरा. बाईकवर रस्ता माहीत असेल तर मॅप बंद करून फक्त आवाज ऐका.

आणि नवा फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी दोन प्रश्न विचारा: डिस्प्ले बदलायला किती लागतात? वॉरंटीत बर्न-इन धरतात का? मी तेव्हा हे विचारलं नव्हतं.