इंग्रजी वाक्य आणि घरची मराठी

वडोदऱ्याच्या नागरवाड्यात राहणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबाचे पत्र आम्हांस आले आहे. घरी मराठी, दाराबाहेर गुजराती आणि शाळेत इंग्रजी, अशी त्यांच्या मुलाची त्रेधा उडते. इंग्रजी निबंधाच्या वहीत लाल शाईच फार. म्हणून वडिलांनी ठरविले आहे की, यापुढे घरात मराठी बंद. आईचा प्रश्न असा की, मग सायंकाळची रोझरी कोणत्या भाषेत म्हणावयाची? दोघांनीही आमचे मत मागितले आहे.

वहीतील काही वाक्ये पत्रात उतरविलेली आहेत. ती वाचून आम्हांस मुलाचे कौतुकच वाटले. कारण जवळजवळ प्रत्येक चुकीच्या पाठीशी शुद्ध मराठी उभी आहे.

"ऑल्दो इट रेन्ड, बट वुई वेन्ट टु चर्च" हे पहिले वाक्य घ्या. आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' येतोच. उभयान्वयी अव्ययांची ही जोडी मुलाच्या कानात बसलेली आहे. इंग्रजीला मात्र एकावरच भागवावे लागते. 'ऑल्दो' घातले तर 'बट' गाळावे, 'बट' ठेवले तर 'ऑल्दो' गाळावे. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच.

दुसरे वाक्य "आय डिड नॉट वेन्ट". 'मी गेलो नाही' यात भूतकाळ 'गेलो' या क्रियापदातच आहे. म्हणून मुलाने 'वेन्ट' लिहिले. इंग्रजीत तो भार 'डिड' उचलते आणि क्रियापद मोकळे होऊन मूळ रूपात येते: "आय डिड नॉट गो". प्रश्न विचारतानाही हाच नियम.

तिसऱ्या वाक्यात तर अर्थच पालटला आहे. "फादर सेड दॅट आय ॲम कमिंग." मुलाच्या मनात आहे, 'फादर म्हणाले की, मी येतो', म्हणजे येणारे फादर. इंग्रज वाचकाला मात्र मुलगाच येतो आहे असे वाटेल. मराठीत 'की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. इंग्रजीत 'दॅट' नंतर पुरुषही बदलतो, काळही बदलतो: "फादर सेड दॅट ही वॉज कमिंग". उद्या अर्जात किंवा साक्षीत अशी चूक झाली, तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या माथी बसेल. वडिलांनी कडक व्हावयाचे असेल तर येथे व्हावे.

क्रियाविशेषणांची जागा थोडी लहरी आहे. 'तो इंग्रजी चांगले बोलला' यात 'चांगले' क्रियापदाला चिकटून पुढे बसते. इंग्रजीत ते कर्मानंतर जाते: "ही स्पोक इंग्लिश वेल". पण 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी, "शी ऑलवेज केम अर्ली". आणि 'वॉज' असले की त्याच्या मागून, "शी वॉज ऑलवेज अर्ली". येथे तर्क लढवू नये. मोठ्याने वाचून कानाला सवय लावावी.

आता आमच्या मराठीचा भूतकाळ पाहा. 'मुलीने आंबा खाल्ला', 'मुलाने पोळी खाल्ली'. खाणारा कोण याकडे क्रियापद पाहतही नाही, ते खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे चालते. गुजरातीतही असेच आहे. इंग्रजीत सर्वांना एकच 'एट'. अक्षरओळख होण्यापूर्वी जो मुलगा हा कर्मणी प्रयोग बिनचूक बोलू लागला, त्याला व्याकरण पेलत नाही असे कसे म्हणावे?

घरची भाषा बंद करण्याचा प्रयोग एका मोठ्या घरात होऊन गेला आहे आणि त्याची साक्ष वडोदऱ्यातच मिळते. अरविंद घोष यांच्या वडिलांनी मुलांना बंगालीपासून दूर ठेवले आणि सातव्या वर्षी त्यांना इंग्लंडला नेले. 1893 साली ते वडोदरा संस्थानच्या नोकरीत आले, पुढे वडोदरा कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. पण स्वतःची मातृभाषा त्यांना ह्याच शहरात, मोठेपणी, शिक्षक ठेवून नीट शिकावी लागली. उलट आपले फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. 1579 साली ते गोव्यास आले, आणि 1616 साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक मराठी ओव्या आहेत. त्यासाठी त्यांना आपली इंग्रजी विसरावी लागली नाही.

तेव्हा रोझरी मराठीतच चालू द्यावी. ती आटोपल्यावर पाव तास मुलाला एकेक मराठी वाक्य द्यावे. यात कर्ता कोण, काळ कोणता, जोडणारा शब्द कोणता, हे त्याने आधी मराठीत सांगावे आणि मगच इंग्रजी वाक्य रचावे. आईला इंग्रजी येत नसले तरी यातला पहिला भाग तिला उत्तम तपासता येईल.