शीव ओलांडताच आदिवासीपण संपते काय?

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः कळमनुरी व औंढा नागनाथ तालुक्यांत, आंध आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरातही आंध आहेत. जमात एकच, परंतु कायद्याने दोघांच्या मध्ये भिंत उभी केली आहे.

१९७६ च्या कायद्याने जमातींच्या यादीतील बहुतेक प्रादेशिक अटी संसदेने काढल्या. तालुक्याची शीव ओलांडल्याने माणसाची जमात बदलत नाही, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले. मात्र १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे ठरली, तेव्हा त्यांत किनवटचा भाग आला. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील एकही गाव आले नाही. परिणामी १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले गौण वनोपजावरील व भूसंपादनापूर्वी सल्ल्याचे अधिकार येथील आंधांना नाहीत. २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक आदी पदे अनुसूचित क्षेत्रातील स्थानिक आदिवासींसाठी राखली गेली, आणि २०१५ पासून पेसा ग्रामपंचायतींना थेट निधी मिळू लागला. तोही लाभ रेषेपलीकडेच राहिला.

कोणी म्हणेल, कळमनुरीस आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत, आरक्षण आहे. आणखी काय हवे? आम्ही विचारतो, येथे आदिवासी आहेत हे शासन कार्यालय उघडून मान्य करते, तर ग्रामसभेच्या वेळी ते कोठे हरवतात? शिष्यवृत्ती शासन देते. निर्णयाचा अधिकार मात्र गावाचा असतो. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, येथील वस्त्या विखुरलेल्या आहेत. परंतु राज्याचे २०१४ चे पेसा नियम पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता देण्याची वाट दाखवतात. शिवाय २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राची अट न घालताच लागू झाला. हक्क रेषेशी नव्हे, तर माणसाशी जोडता येतो, याचा हा पुरावाच होय.

अमेरिकेत १९५४ च्या एका कायद्याने यूटा राज्यातील मिश्ररक्ताच्या यूट लोकांचे आदिवासीपण सरकारी दप्तरातून पुसण्याची वाट मोकळी केली. वंश तोच राहिला, नोंद तेवढी गेली. आपल्याकडे नोंद शाबूत आहे, हक्क तेवढे गहाळ आहेत.

पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपालांशी विचारविनिमय करून राष्ट्रपतींना क्षेत्र वाढवता येते. म्हणून राज्याने हिंगोलीतील आंधबहुल गावांची पाहणी करावी व तसा प्रस्ताव पाठवावा. वाचकहो, ही दयेची मागणी नव्हे. एकाच जमातीला एकच न्याय, एवढेच आम्ही मागत आहोत.