शेवटचा चिमटा

आमच्या मुळशीत आषाढ म्हणजे भातलावणीची घाई. ऐन चिखलणीच्या दिवशी शेजारच्या छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरली. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने जीप आणली, केबल जोडल्या आणि शेवटचा काळा चिमटा थेट उतरलेल्या बॅटरीवर टेकवला. ठिणगी उडाली... सुदैवाने नुसतीच ठिणगी!

"सर, नेहमी असंच करतो," तो म्हणाला. मला या 'नेहमी'चीच भीती वाटते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तो पेटला तर बॅटरी फुटून आम्ल डोळ्यांत उडते.

खरा क्रम सोपा आहे. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात, गाड्या बंद आणि न्यूट्रलमध्ये. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. काळा चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचा काळा बॅटरीपासून दूर, बंद पडलेल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. काढताना उलट्या क्रमाने.

मी मराठीचा मास्तर. वाक्यातले शब्द मागेपुढे झाले तर लाल शाईने दुरुस्त करता येतात. डोळे येत नाहीत. म्हणून वाटते, अशा पोरांच्या धिटाईचे कौतुक पुरे, त्यांना क्रम शिकवू या. त्याला वर्गात हे शिकवायचे राहून गेले, ते त्या दिवशी बांधावर शिकवले.